वीतभर पडद्यावर १३७ ओळी

आमच्या थोरल्या वहिनींचा वाळवणाचा व्यवसाय अमळनेरजवळच्या आमच्या गावातून चालतो. होळी झाली की उडदाचे आणि नागलीचे पापड, ज्वारीचे बिबडे, गव्हाच्या कुरडया, शेवया, सांडगे यांना अंगण पुरत नाही आणि गच्चीही पुरत नाही. आणि आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ येऊ लागली की पुण्या-मुंबईला, नाशिकला आणि सुरतेला स्थायिक झालेल्या खान्देशी घरांमधून मागण्यांचा ओघ सुरू होतो. या मागण्या वर्षानुवर्षे एका दोनशे पानी वहीत उतरवल्या जात. फोन आला की वहिनी कुरडयांच्या चिकाने भरलेले हात पुसून लिहायला बसत, कोणी व्हॉट्सअॅपवर दोन मिनिटांचा आवाजी निरोप पाठवी, कोणी चिठ्ठीचा फोटो पाठवी. दोन वर्षांपूर्वी एका बाईंनी फोनवर ‘नागलीचे दोन’ सांगितले. त्यांना दोन शेकडे हवे होते आणि त्यांच्या घरी पोहोचली ती पंचवीस पंचवीस नगांची दोन पाकिटे. घरात लग्न होते. त्या फोननंतर वहिनी मला म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही जळगावात लोकांच्या दुकानांची कामं कम्प्युटरवर करून देता, मग घरचं एवढं काम करा.”

मोबाइलवर नीट भरता येईल असा, भरपूर पदार्थ असलेला मागणीचा फॉर्म बनवणे हे काम मला तेव्हा एका रविवारचे वाटले होते. प्रत्यक्षात दोन हंगाम गेले.

पदार्थ एकूण ४६. त्यांपैकी ४५ पदार्थ तीन तीन मापांत मिळतात आणि एक लोणचे दोनच मापांत, म्हणजे भावपत्रकावर १३७ ओळी होतात. पहिला फॉर्म मी फुकट मिळणाऱ्या एका तयार सेवेवर तासाभरात उभा केला. छापील भावपत्रक डोळ्यांसमोर असल्यामुळे मी अगदी तसाच तक्ता केला: डावीकडे पदार्थांची नावे, वर मापे आणि मध्ये नग भरायच्या चौकटी. लॅपटॉपवर तो देखणा दिसत होता. मात्र बऱ्याच अँड्रॉइड फोनांचा पडदा संकेतस्थळाच्या हिशेबाने फक्त ३६० पिक्सेल रुंद असतो. त्यात नावांच्या स्तंभानेच निम्मी जागा घेतली, तिसरे माप पडद्याबाहेर गेले आणि ते पाहण्यासाठी तक्ता आडवा सरकवला की नावे दिसेनाशी होऊ लागली. कुरडयांचा आकडा सांडग्यांच्या ओळीत भरला गेल्याची दोन उदाहरणे पहिल्याच आठवड्यात घडली. शिवाय तक्त्याला बेरीज येत नव्हती, त्यामुळे फॉर्म भरून झाला की लोक फोन करून “किती झाले?” असे विचारत, म्हणजे वाचवायचा होता तो फोन वाचलाच नाही.

मग मी जे आधी करायला हवे होते ते केले आणि मागच्या हंगामाची वही घेऊन बसलो. पान पान मोजल्यावर असे दिसले की बहुतेक मागण्या पाच ते आठ पदार्थांच्या आहेत, आणि बारापेक्षा जास्त पदार्थ ज्यांनी घेतले त्यांच्या पानाच्या कोपऱ्यात वहिनींनी ‘रुखवत’ असे लिहून ठेवले आहे. या मोजणीने माझा सगळा विचार उलटा फिरवला. तोपर्यंत १३७ ओळी वीतभर पडद्यावर कशा मावतील, हाच प्रश्न मी सोडवत होतो. परंतु ग्राहकाला त्यांतल्या सव्वाशेहून अधिक ओळींशी काही कर्तव्यच नसते. ती बाई फॉर्म उघडण्यापूर्वीच मनात यादी करून बसलेली असते. खरेदीची मोठी संकेतस्थळे माणसाने हिंडावे, थांबावे, आणखी काही उचलावे अशा हेतूने रचलेली असतात, आणि त्यांची नक्कल आपल्यासारख्यांच्या कामाची नाही. इथे यादी सांगून होईपर्यंत फॉर्मने ऐकून घ्यायचे, नको असलेल्या ओळींनी वाटेतून बाजूला व्हायचे आणि घेतलेल्या ओळी मात्र सतत नजरेसमोर राहायच्या, एवढेच हवे होते.

दुसरा फॉर्म मी साध्या एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेब पाने लिहायच्या भाषेत, स्वतः लिहिला. (अमळनेरचे नाव संगणकाच्या जगात गेले ते विप्रोमुळे, आणि ती कंपनीही १९४५ मध्ये इथे खाद्यतेलाच्या धंद्यासाठीच निघाली होती, तेव्हा स्वयंपाकघराकडून संगणकाकडे येणारा मी गावातला काही पहिला नव्हे.) वहीतली आणखी एक गोष्ट उपयोगी पडली. लोक मागणी सांगताना एका जातीच्या वस्तू एका दमात सांगतात, आधी सगळे पापड, मग कुरडया-शेवया, मग मसाले-चटण्या, कळणाचे पीठ, शेवटी लोणची. तेच पाच विभाग केले आणि प्रत्येक विभाग मिटता-उघडता ठेवला. एचटीएमएलमधल्या ‘डिटेल्स’ या खुणेने (टॅगने) हे काम वेगळ्या प्रोग्रामशिवाय होते. सुरुवातीला पाचही विभाग मिटलेले ठेवले होते, पण माझ्या आत्याने फोन हातात घेतला, वरून खाली पाहिले आणि म्हणाली, “हाई काय शे? पाचच वस्तू?” तेव्हापासून पहिला विभाग उघडा असतो, प्रत्येक शीर्षकापुढे त्यातल्या पदार्थांची संख्या असते आणि त्यातले काही निवडले असेल तर विभाग मिटल्यावरही ‘२ घेतले’ असे तिथे दिसत राहते.

एकेका पदार्थाची मांडणी ठरवण्यात सर्वांत जास्त वेळ गेला. नाव एका ओळीत, आणि त्याखाली मापांची तीन बटणे. कडांचे १६-१६ पिक्सेल आणि मधल्या फटींचे ८-८ पिक्सेल वजा केले की ३६० पैकी ३१२ उरतात, म्हणजे प्रत्येक बटणाला १०४ पिक्सेल रुंदी मिळते आणि त्यात माप व भाव दोन्ही दोन ओळींत स्वच्छ बसतात. उंची मी ४८ ठेवली. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ या वेब-सुलभतेच्या मानकात दाबायच्या जागेचा किमान आकार २४ बाय २४ पिक्सेल सांगितला आहे, अॅपल ४४ सांगते आणि गुगलची अँड्रॉइडसाठीची शिफारस ४८ आहे; पण ज्यांची बोटे दिवसभर पोळपाट-लाटण्यावर किंवा शेतात काम करतात त्यांच्यासाठी २४ हा आकडा, माझ्या मते, कागदावरच ठीक आहे. बटण एकदा दाबले की एक पाकीट यादीत जाते आणि त्याच जागी उणे, आकडा आणि अधिक अशी तीन लहान घरे उमटतात. ही तीन घरे १०४ पिक्सेलांत ४८च्या हिशेबाने बसत नाहीत, हे गणित मला उशिरा सुचले. म्हणून आता निवडलेले माप खालच्या ओळीत पूर्ण रुंदी घेऊन उतरते आणि उणे-अधिक बटणांना ऐसपैस जागा मिळते.

आकडा टाइप करायची चौकट मी सुरुवातीला ठेवली होती आणि तिने मला चांगलेच शिकवले. एका ग्राहकांच्या फोनवर मराठी कीबोर्ड होता. त्यांनी ‘५’ लिहिला. तो माणसाला पाच दिसतो, पण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, देवनागरी अंकांना ०९६६पासून पुढे स्वतःचे वेगळे क्रमांक आहेत आणि जावास्क्रिप्ट या वेब पानांच्या प्रोग्राम-भाषेतली अंक ओळखायची सोय फक्त इंग्रजी अंक मानते. त्यामुळे बेरजेच्या जागी ‘हा आकडा नाही’ या अर्थाची, इंग्रजीत ‘नान’ अशी वाचली जाणारी तीन अक्षरे उमटली. त्या गृहस्थांनी फोन करून अत्यंत सौजन्याने विचारले की आपण नान कधीपासून विकायला लागलात. उपाय तसा चार ओळींचा आहे: आलेल्या मजकुरातला प्रत्येक देवनागरी अंक आधी इंग्रजी अंकात बदलायचा आणि मगच हिशेबाला घ्यायचा. मराठी माणसांसाठी फॉर्म बनवणाऱ्या प्रत्येकाने त्या चार ओळी मोबाइल क्रमांकाच्या आणि पिनकोडाच्या चौकटीलाही लावाव्यात. दाखवताना उलट दिशेचे काम मात्र ब्राउझर स्वतः करतो. संख्या मांडताना मराठी-भारत ही भाषा सांगितली की देवनागरी अंक आणि लाखा-हजारांचे स्वल्पविराम दोन्ही जागच्या जागी येतात.

चौकट काढून टाकायला मला आणखी एक कारण मिळाले, ते म्हणजे आपली मापे. लोक दीड किलो, अडीच किलो, सव्वाशे नग असे बोलतात आणि चौकट दिली की तसेच लिहितात. ‘दीड’ हा शब्द प्रोग्रामला समजावून सांगता येतो, पण ‘१/२’, ‘०.५’, ‘अर्धा’, ‘आर्धा’ आणि ‘५००’ ही एकाच इच्छेची पाच रूपे ओळखत बसण्यापेक्षा बटणे बरी. आता दीड किलो हवे असेल तर एक किलोचे बटण दाबायचे, मग अर्ध्या किलोचे. यादीत मात्र मी दोन ओळी दाखवत नाही. तिथे दोन्ही पाकिटांची बेरीज होऊन ‘उडदाचा मसाला – दीड किलो’ असे एकच वाक्य येते, आणि पापडांच्या बाबतीत शंभर आणि पंचवीस मिळून ‘सव्वाशे नग’. लग्नघरच्या त्या फोनाचे कारण माप न सांगितलेला ‘दोन’ हा आकडा होता. म्हणून या फॉर्ममध्ये कुठेही एकक सोडून नुसता आकडा दिसत नाही, ही एक गोष्ट मी हट्टाने सांभाळली आहे.

पडद्याच्या तळाशी कायम चिकटून राहणारी एक पट्टी आहे, तिच्यावर किती पदार्थ झाले आणि किती रुपये झाले हे दिसते, आणि ती दाबली की पूर्ण यादी उघडते. कीबोर्ड वर आला की अशी पट्टी झाकली जाते किंवा मध्येच तरंगू लागते, हा त्रास पहिल्या आवृत्तीत फार होता. नगांसाठी टाइप करणेच उरले नाही तेव्हा तो आपोआप संपला. आयफोनवर १६ पिक्सेलपेक्षा लहान अक्षरांच्या चौकटीत बोट ठेवले की पान मोठे होऊन बसते, म्हणून उरलेल्या नाव-पत्त्याच्या चौकटींत अक्षरांचा आकार १६च्या खाली जाऊ दिला नाही.

शोधायची चौकट वर आहे, पण ती वापरणारे थोडे. तरी तिच्यासाठी प्रत्येक पदार्थाला मी चार-पाच टोपणनावे दिली आहेत, कारण कोणी बिबडे म्हणते, कोणी बिबड्या, आणि सुरतेकडची तरुण मंडळी सरळ इंग्रजी लिपीत लिहून मोकळी होतात. ‘खाऱ्या मिरच्या’ यातला ‘ऱ्या’ वेगवेगळे कीबोर्ड वेगवेगळ्या प्रकारे साठवतात आणि डोळ्यांना सारखे दिसणारे दोन शब्द संगणकाला निराळे वाटतात, हे कळायला मला एक संध्याकाळ लागली.

भाव आणि शिल्लक माल यांची माहिती एका स्प्रेडशीटमध्ये आहे आणि ती वहिनी स्वतः बदलतात. संपलेला पदार्थ यादीतून काढून टाकावा असे माझे मत होते. वहिनींनी ते खोडून काढले. पदार्थ दिसला नाही तर लोक ‘बिबडे बंद केले का’ असे विचारायला फोन करतात, दिसून ‘संपले, पुढच्या चैत्रात’ असे लिहिलेले असेल तर करत नाहीत. म्हणून संपलेले पदार्थ त्या त्या विभागाच्या तळाशी उतरतात. फॉर्म उघडा ठेवून कोणी दोन दिवसांनी पाठवला आणि मधल्या काळात भाव बदलला तर काय, हाही प्रश्न आलाच. फोनवर दिसलेली बेरीज केवळ ग्राहकाच्या माहितीसाठी, खरी बेरीज सर्व्हरवर पुन्हा होते, आणि दोहोंत फरक पडला तर मागणी थांबवून नवा भाव आधी दाखवला जातो.

पत्त्यासाठी पूर्वी घर क्रमांक, गल्ली, खूण, तालुका, जिल्हा अशा सात चौकटी होत्या. आता नाव, मोबाइल, पिनकोड आणि संपूर्ण पत्त्याची एकच मोठी चौकट आहे. आपल्याकडचा पत्ता ‘मारुतीच्या देवळामागे, पाटलांच्या वाड्याशेजारी’ असा असतो, त्याचे सात तुकडे करायला सांगणे हा ग्राहकावर अन्याय आहे. पिनकोड मात्र पत्त्याच्या आधी विचारतो. १५ ऑगस्ट १९७२ पासून चालत आलेले हे सहा आकडे टपाल विभागासाठी निघाले होते, पण कुरिअर तिथे जाते की नाही हेही त्यांवरूनच ठरते, आणि जात नसेल तर ते सगळा पत्ता लिहून घेतल्यावर सांगणे बरे नव्हे. मोबाइल क्रमांकाच्या चौकटीला मी दहा अंकांची मर्यादा घातली होती. फोन स्वतःहून क्रमांक भरतो तेव्हा पुढे अधिक एक्क्याण्णव लावतो, आणि मग शेवटचे आकडे कापले जात. आता येईल तेवढे येऊ देतो आणि शेवटचे दहा घेतो.

पैसे फॉर्ममध्येच घ्यावेत का, यावर घरात बरीच चर्चा झाली. यूपीआयच्या दुव्यात रक्कम आधीच भरून देता येते, त्यामुळे तांत्रिक अडचण नव्हती. अडचण कुरडयांची होती. कुरडई वजनाला हलकी आणि आकाराला मोठी. अनेक कुरिअर कंपन्या खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये घेऊन, त्यांचा गुणाकार ५००० ने भागतात आणि जे येईल तेवढे किलो वजन धरतात. ४० बाय ३० बाय ३० चे खोके त्या हिशेबाने ७.२ किलोचे ठरते, मग आत तीन किलो कुरडया का असेनात. खोके भरल्याशिवाय हा आकडा सांगता येत नाही. म्हणून फॉर्मवर मालाची रक्कम दाखवून ‘कुरिअर खर्च खोके भरल्यावर कळवू’ असे स्पष्ट लिहिले आहे, आणि पैशांचा दुवा वहिनी नंतर पाठवतात. खोटा अंदाज दाखवून नंतर वाढवण्यापेक्षा हे मला जास्त सचोटीचे वाटते.

मागणी व्हॉट्सअॅपच्या तयार निरोपातून पाठवायची सोय मी पहिल्या हंगामात केली होती. त्यात अक्षरे दुव्यात गुंफावी लागतात आणि प्रत्येक देवनागरी चिन्हाची तिथे नऊ अक्षरे होतात. एकट्या ‘कुरडई’ या शब्दाची पंचेचाळीस. रुखवताची यादी असली की दुवा केवढा लांब व्हायचा, याची कल्पना करा. आता मागणी सर्व्हरवर जाते आणि व्हॉट्सअॅपवर जातो तो फक्त मागणीचा क्रमांक.

पाठवण्याच्या बटणाची गोष्ट कसारा घाटातली आहे. मुंबईला निघालेल्या एका ओळखीच्या बाईंनी भुसावळला गाडीत बसल्यावर फॉर्म भरायला घेतला आणि इगतपुरी ओलांडल्यावर पाठवला. बोगद्यांमुळे नेटवर्क जात-येत होते, काही घडताना दिसेना म्हणून त्यांनी बटण तीनदा दाबले, आणि आमच्याकडे तीन वेळा सहा किलो शेवया नोंदल्या गेल्या. आता फॉर्म उघडताच त्या मागणीला एक खूण मिळते आणि तीच खूण घेऊन दुसऱ्यांदा आलेली मागणी सर्व्हर नवी धरत नाही. भरलेली यादी फोनमध्येच साठत राहते, त्यामुळे मध्ये फोन आला, चहा उतू गेला किंवा पान बंद झाले तरी परत आल्यावर ती जशीच्या तशी सापडते. पाठवून झाल्यावर ‘धन्यवाद’ एवढेच न दाखवता पूर्ण यादी पुन्हा दाखवतो, कारण लोक तिचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवतात.

तपासणी मी लॅपटॉपवरच्या नकली फोनमध्ये केली होती आणि तिच्यावर माझा विश्वासही होता. मग एप्रिलमध्ये दुपारी गच्चीवर वहिनींचा फोन हातात घेतला तेव्हा भाव लिहिलेली फिकट करडी अक्षरे उन्हात अजिबात दिसेनात. अक्षरे आणि पार्श्वभूमी यांत किमान ४.५ ला १ इतका फरक असावा असे मानक सांगते. खान्देशातल्या उन्हाने मला त्याच्याही पुढे नेले आणि अक्षरे जवळजवळ काळीच केली. पदार्थांचे फोटोही लहान केले आणि नजरेच्या टप्प्यात आल्यावरच उतरतील असे ठेवले. देवनागरीचा वेगळा सुंदर फॉन्ट जोडला होता, तो काढून टाकला. फोनमध्ये असतो तो पुरेसा चांगला आहे आणि त्याला नेटवर्क लागत नाही.

तळाशी ‘काही सूचना असल्यास’ अशी एक चौकट आहे. ती मी ‘तिखट कमी’, ‘संध्याकाळी फोन करा’ असल्या मजकुरासाठी ठेवली होती. यंदाच्या हंगामात सुरतेच्या एका जुन्या ग्राहकांचा फोन आला की फॉर्म पुढे जात नाही, ‘किमान एक पदार्थ निवडा’ असे सारखे म्हणतो. मी विचारले, तुम्ही काय भरले. त्यांनी नाव, पिनकोड आणि पत्ता भरला होता, आणि सूचनेच्या चौकटीत लिहिले होते, “नेहमीप्रमाणे.” वहिनी शेजारीच उभ्या होत्या, त्यांनी वही न उघडता सांगितले, उडदाचे दोन शेकडे, कुरडया दोन किलो, कळणाचे पीठ पाच किलो. त्या रात्री मी ती अट काढली. सूचनेच्या चौकटीत काही लिहिलेले असेल तर आता रिकामी यादीही पुढे जाते.